पंचामृतातला कीबोर्ड

संगणक बंद करून पुन्हा चालू केला की पेन्शन कचेरीची खोली हातभर आखूड व्हायची. हेमलताने सकाळपासून तो नऊ वेळा चालू केला होता. दरवाजा, कपाट, बाकडं, सगळं तिच्या टेबलाकडे सरकत आलं होतं.

"बरंच झालं," वारंगसाहेब म्हणाले. "फायलीला उठावं लागत नाही."

काय हा माणूस! चार शहाणी माणसं खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू लावून थांबतात. याला भक्तीचा उमाळा आला आणि याने कीबोर्डला पंचामृताची अंघोळ घातली. मधाने कळा चिकटल्या, मुंग्यांनी आत संसार थाटला. मग स्वारीने तो हारासकट देवाच्या तसबिरीखाली ठेवला आणि आठवडे बाजारातून भलत्याच कंपनीचा नवा उचलून आणला.

बिनमाउसचा जुनाट संगणक त्याला ओळखेना. सुरू होताना पडद्यावर यायचं: कीबोर्ड सापडला नाही. पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरची कळ दाबा.

"मग दाबा ना," साहेब म्हणाले.

"त्याला कीबोर्डच सापडत नाहीये, साहेब."

"अहो बाई, समोर तर दिसतोय!"

हेमलताने कपाळावर हात मारला. संगणकामागच्या सगळ्या भोकांत कीबोर्डची वायर घालून झाली होती. आत एक सेटिंग होती, पण तिथवर पोचायलाही कीबोर्डच लागत होता.

बाकड्यावर तिचे वडील, अण्णा, बसले होते. हयातीच्या दाखल्याची आज शेवटची तारीख. पाचपर्यंत नोंद झाली नाही तर अण्णा मेलेले. गेल्या वर्षी देवधर मास्तरांची नोंद राहिली. ते अजून रोज संध्याकाळी स्वतःच्या दाराशी उभे राहतात, पण बायकोसुद्धा त्यांना आत घेत नाही.

दहाव्या खेपेला बाकडं तिच्या खुर्चीला टेकलं. अकराव्या खेपेला अण्णांचे गुडघे तिच्या पाठीत रुतले. साहेबांनी पाय टेबलावर घेतले आणि चहा संपवला.

पाचला दहा कमी असताना तिने तसबिरीखालचा कीबोर्ड ओढला.

"अहो, पूजेतला आहे तो!"

"आग लागो तुमच्या पूजेला!"

संगणकाने त्याला लगेच ओळखलं. एंटर दाबताच अण्णांचं नाव आलं. खाली प्रश्न होता: अर्जदार हयात आहे का? चौकट 'नाही'वर लुकलुकत होती. ती 'हो'वर न्यायची कळ जागची हलेना. हेमलताने नखाने मध खरवडला, तेवढी एक मुंगी बाहेर आली. सगळ्या कीबोर्डात हलत होती ती फक्त एंटरची कळ.

"परत चालू करा," साहेब सवयीने म्हणाले.

भिंत अण्णांच्या पाठीला लागली होती. हातभर जागा आता उरली नव्हती. तिला रडू फुटलं.

"काय विचारतोय गं तो?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही आहात का, ते."

"एवढंच ना?" अण्णा म्हणाले, आणि तिच्या खांद्यावरून हात लांबवून त्यांनी एंटरवर बोट ठेवलं.