ढोल अजून वाजतोय

खडूची एक रेघ. कुरकुरणारं डावं चाक. अनवाणी पावलांची रांग. "बाद!" भिंतीकडे तोंड केलेली एक मुलगी.

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. बिचारा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण जुन्या वस्तू बोलू लागल्या की लोक रुमाल शोधतात.

एका जाड खोडातून मला कोरलं, तोंडावर कातड्याचं पान ताणलं आणि शाळेच्या संगीतवर्गात आणलं. माझ्या तालावर मुलं चालत. थाप थांबली की जागच्या जागी पुतळा. हलला तो बाद, त्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं. तेव्हा माझं फार कौतुक होई. पुढे पान सैल पडलं. थाप संपली तरी पोटात घूम रेंगाळू लागली. मुख्याध्यापक संगीताच्या बाईंना म्हणाले, "बाई, हे धूड भंगारात द्या. स्पीकर आणू. कसा चटकन थांबतो!"

त्याच वर्षी भिंगरी आली, चाकाच्या खुर्चीवरून. खुर्ची गरगर फिरवायची, म्हणून हे नाव. पण चाकांचा पुतळा होत नाही. कितीही आवरली तरी वीतभर पुढे जातातच. रोज पहिली बाद तीच. रोज भिंत.

एक दिवस ती भिंतीकडे गेलीच नाही.

"ए भिंगरे, बाद! हो की बाजूला!" एक मुलगा ओरडला.

"का म्हणून? ढोल अजून वाजतोय."

"वाजतोय म्हणे! बाईंचा हात तर वर आहे."

"हात काय बघतोस, शहाण्या? कान लाव."

बाईंनी एक थाप मारली आणि खरोखरच माझ्या पोटाला कान लावला. मी होतं नव्हतं ते बळ लावून घुमलो.

"खरंय हिचं," बाई म्हणाल्या. "आजपासून घूम विरेल तसतसं थांबायचं. आणि बाद कुणीच नाही."

आता ताडकन थांबणाऱ्यांची फजिती! भिंगरीच्या चाकाकडे बघत बघत सगळे विरत जायला शिकले. थापेमागचं शेपूटही तालातच येतं, हे त्यांना पायांनी कळलं.

तरी स्पीकर आलाच. मुख्याध्यापकांनी मला उचललं, तर भिंगरीने खुर्ची दारात आडवी लावली.

"आधी मला बाद करा, सर."

सर हसले नाहीत. पण मला खाली ठेवलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पान खुशाल बदला. पण कुणाला भिंतीशी बसवायला मला वाजवाल, तर याद राखा, मी थांबणार नाही.

मला कोरणाऱ्या कारागिराचा एक पाय आखूड होता.