खांबावरचं लाल बटण

श्यामकांत देवस्थळींचा त्या खांबांवर काडीचाही विश्वास नव्हता. दुर्गापूरच्या रस्त्यावर खांबाखांबावर नवी यंत्रणा आली होती: कॅमेरे, वेग मोजणारी यंत्रं, पुढचा धोका सांगणाऱ्या उजळ पाट्या. "दंड उकळायचे धंदे," असं ते कोलकात्यातल्या बेहालाच्या घरून निघतानाच पुटपुटत. उभा जन्म बँकेत गेलेला. फुकटची सोय दिसली की त्यांना आधी डावच दिसायचा.

खरी गोम वेगळीच होती. त्या पाट्या त्यांना आताशा वाचताच येत नसत. दुर्गापूरच्या लेकीला हे कळलं असतं तर तिने गाडी बंद केली असती, आणि कालिंदीबाईंच्या गुडघ्यांना स्टेशनचे जिने झेपत नव्हते. मग नात दिसायची कशी? म्हणून नवराबायको दोघंही गप्प होती.

त्या दुपारी पाटीवर 'उजवी लेन बंद' झळकत होतं. कालिंदीबाई ओरडेपर्यंत गाडी प्लास्टिकचे शंकू उडवत खडीच्या ढिगात घुसली. सुदैवाने कोणाला लागलं नाही. चाक मात्र कामातून गेलं.

श्यामकांत अडवेपर्यंत कालिंदीबाईंनी खांबावरचं मदतीचं लाल बटण दाबलंसुद्धा. काय झालं, असं खांबातून एका मुलीने हिंदीत विचारलं.

"टायर फुटला," श्यामकांतांनीही हिंदीत ठोकून दिलं. मग बायकोकडे वळून ते मराठीत म्हणाले, "पाटी दिसली नाही, हे बोलू नकोस. लायसन्स जाईल." आवाज खाली आणायचं त्यांना सुचलंही नाही. बेहालाच्या बाजारात भाजीवाल्यासमोरच मराठीतून त्याच्या दरांची चिरफाड करायची दोघांना सवय होती.

खांबातून आता चक्क मराठी आलं.

"काका, मी सायली. मूळची साताऱ्याची, आता कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या कंट्रोल रूममध्ये असते. काकूंना घेऊन रेलिंगच्या पलीकडे उभे राहा. मागच्या गाड्यांना पाट्यांवरून हळू यायला सांगितलंय."

श्यामकांतांनी संशयाने मागे पाहिलं. ट्रक खरोखरच वेग कमी करून डावीकडे सरकत होते.

"तू हे वर कळवणार?"

"चाक बदलायला माणसं निघालीत, काका. पण त्यानंतर गाडी कोण चालवणार?"

कालिंदीबाई रेलिंग धरून खडीत रुतलेल्या गाडीकडे बघत होत्या. हिला आपण शेजारी बसवून आणलं, या विचाराने श्यामकांतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी नाही," ते म्हणाले. "मला दिसत नाही, बाळा."

"आता नात दिसायची कशी?" म्हणत कालिंदीबाई तिथेच खाली बसल्या आणि रडू लागल्या.