मालकीणबाईंचा चेहरा

संग्रहालयात तिला सगळे धाकली म्हणत. थोरली म्हणजे तिची आई, जिने याच इमारतीत जन्म घालवला होता झाडू मारण्यात. आई थकल्यावर तिच्या जागी लेक लागली. आता आईही नव्हती आणि लेकीचे केस पिकायला लागले होते, तरी ती धाकलीच राहिली होती.

इमारत म्हणजे एका जुन्या व्यापाऱ्याचं घर. खाली दुकान आणि पोतीच्या पोती तोलणारा तराजू, वर राहत्या खोल्या, तळघरात माल. व्यापाऱ्याचा वंश खुंटला, घर सरकारजमा झालं आणि त्या मुलखातले जुने माग, अवजारं, भांडी, कपडे तिथे आणून मांडले गेले. खोल्या ओस दिसू नयेत म्हणून प्लास्टरची माणसंही बसवली. दुकानात व्यापारी, मेजाशी कारकून, चुलीपाशी मोलकरीण, आणि वरच्या खिडकीशी भरतकाम घेऊन बसलेली मालकीणबाई.

या माणसांना चेहरे हवे होते, आणि फुकटचे चेहरे संग्रहालयातच फिरत होते. माळ्याचा व्यापारी झाला, पहारेकऱ्याचा कारकून, आणि थोरलीची झाली मालकीणबाई. नाकात दोन नळ्या खुपसून मूर्तिकाराने तिच्या तोंडावर ओलं प्लास्टर थापलं, अजिबात हलू नका म्हणून बजावलं, आणि तिला नेमकं तेव्हाच हसू फुटलं. साचा डावीकडे किंचित सरकला. मूर्तिकार चडफडला, पण पुन्हा सगळा खटाटोप करायला त्याला वेळ कुठे होता? ओठाच्या कोपऱ्यातलं ते दाबलेलं हसू कायमचं राहून गेलं. मिटलेले डोळे मात्र त्याने मागाहून कोरून उघडे केले.

"जन्मभर उभ्याने झाडलं," थोरली सांगायची, "आता बघ कशी रेशमात बसलेय. आणि धूळ पुसायला हाताखाली तू!"

थोरलीला फोटोचं मात्र वावडं. कॅमेरा समोर आला की डोळे मिटायची. घरात तिचा एकच फोटो होता आणि त्यातही डोळे मिटलेलेच. त्यामुळे आई गेल्यावर धाकलीला उघड्या डोळ्यांची आई बघायची असली, तर ती खिडकीशीच भेटायची. रोज सकाळी दार उघडण्याआधी ती मऊ ब्रश घेऊन वर जायची. कपाळ, भुवया, नाकाचा शेंडा, मग तो ओठाचा कोपरा. हात चालायचे तसं तोंडही चालायचं. नवऱ्याचा खोकला, मुलीचं सासर, सगळं आईच्या कानावर घालून झालं की तिचा दिवस सुरू व्हायचा. यात वेड लागल्यासारखं काही नव्हतं. दुःख झालेली माणसं याहून कितीतरी विचित्र वागतात.

मग संचालक म्हणून नव्या बाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, उलट कामाला वाघ होत्या. त्यांनी सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि सांगितलं, "लोक या बाहुल्यांच्या तोंडाकडे बघतात. कपडे खरे जुने आहेत, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. शिवाय प्लास्टर ओल धरतं. बिनचेहऱ्याचे पुतळे मागवा आणि हे काढून टाका."

धाकलीच्या पायाखालची जमीन सरकली. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. बाईंना जाऊन सांगावं, तर काय सांगणार? माझी आई आहे म्हणून? हसं झालं असतं.

पण इतकी वर्षं संग्रहालयात काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. इथे नंबर असलेली वस्तू कधी टाकली जात नाही. कान तुटलेला पेला असो की उंदराने कुरतडलेला जोडा, एकदा त्यावर नंबर पडला की सगळं जग बुडालं तरी तो पेला जपला जातो. पुतळ्यांना मात्र कधीच नंबर नव्हता. ते टेबल-खुर्चीत जमा.

ती नोंदणीवाल्या काकांकडे गेली. काकांनी थोरलीच्या हातचा चहा कित्येक वर्षं प्यायला होता. धाकलीने त्यांच्या नाकदुऱ्या काढल्या, रडली, शेवटी तर पायाच धरायला निघाली.

"अगं उठ, उठ," काका गडबडून म्हणाले. "जुन्या मूर्तिकाराचं काम आहे, म्हणून नोंद करता येईल. बघतो मी."

आणि त्यांनी खरंच केलं. बाईंना पटवलं, मालकीणबाईंचं डोकं मानेपासून अलगद उतरवलं, डाव्या कानामागे पारदर्शक लेप लावला, तो वाळल्यावर बारीक निबाने काळा नंबर घातला आणि वरून पुन्हा लेप दिला. धाकली शेजारी श्वास रोखून उभी होती. नंबर पडला तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात पुतळे काढणारा सुतार माळ्याच्या हातात व्यापाऱ्याचं डोकं देत होता.

"हे कुठे नेताय?" तिने विचारलं.

"घरी," माळी खुशीत म्हणाला. "माझंच तोंड आहे की. बायको म्हणते, हे तरी उलट उत्तर देणार नाही."

"बाईंनी सांगितलंय, नंबर नसलेलं ज्याला हवं त्याने न्यावं," सुतार म्हणाला. "नाहीतर संध्याकाळी भंगारात. तुझ्या आईचं मी सगळ्यात आधी बाजूला काढणार होतो गं, तुझ्यासाठी. पण काका म्हणाले, त्याला नंबर पडला. कारकुनाचं शिल्लक आहे, नेतेस?"

ती तशीच धावत काकांकडे गेली. "काका, पुसा तो नंबर."

काकांनी चष्मा काढला. "तो असा पुसता येत नाही, पोरी. आता ते संग्रहालयाचं झालं. द्यायचं म्हटलं तर वरची समिती बसणार, आणि समिती आजवर काही देण्यासाठी बसलेली मी बघितली नाही."

"मग ते ठेवलंय कुठे?"

"तळघरात. कागदात गुंडाळून, पेटीत."

तळघराच्या किल्ल्या फक्त बाईंकडे आणि काकांकडे. बाकी कुणालाही आत जायची बंदी होती, आणि ती बंदी कुणाच्याही आईसाठी उठणार नव्हती. समोरून बाई आल्या. "तुमच्यामुळे ती वस्तू वाचली हं," त्या मनापासून म्हणाल्या. धाकलीने मान हलवली.

नवे पुतळे आले. मालकीणबाईंच्या रेशमी कपड्यांवर आता पांढऱ्या कापडाचा नुसता गोळा होता. सकाळी धाकलीचा हात सवयीने त्या उंचीवर गेला, कपाळापाशी थांबला आणि तिथून पुढे त्याला जायला जागाच सापडली नाही. नवऱ्याचा खोकला वाढला होता. ते सांगायचं तसंच राहिलं.

ती पुन्हा एकदा काकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. आईला तिने एकदा निरोप दिला होता, तेव्हा निदान त्यात तिचा हात नव्हता. यावेळी तिने स्वतः रडून, रदबदली करून आईला अंधारात घातलं होतं.

"काका, तुम्ही खाली जाल तेव्हा मला न्याल बरोबर? कशाला हात लावणार नाही. फक्त धूळ पुसते."

"धूळ नाही बसत गं पेटीत," काका म्हणाले.

"बरं," धाकली म्हणाली आणि ब्रश खिशात ठेवून तिने दारं उघडायला घेतली.