स्टेटसवरचं मिरचीचं फूल

“हे फूल कोनाच्या ओळीतलं हाये?” दीपकने मोबाइल थेट गौसियाभाभीच्या नाकासमोर धरला. “बोला न भाभी. फोटो तं तुमीच काढला.”

दीपक म्हणजे बियाण्याच्या कंपनीचा माणूस. आठवड्यातून एकदा माझ्या शेडनेटवर, म्हणजे जाळीखालच्या मिरचीच्या शेतात येतो, चहा घेतो, चार गप्पा मारतो आणि जातो. आज त्याने चहाला हातसुद्धा लावला नाही. काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळलं होतं.

फोटो मिरचीच्या फुलाचा होता. आता मिरचीचं फूल ते केवढं! नखाएवढं, खाली मान घातलेलं, त्याच्याकडे बघतंय कोण? पण माझ्याकडे कामाला येणाऱ्या या भाभीने काढलेला फोटो पाहाल तर पाहतच राहाल. पाकळीवरच्या शिरा दिसतात, देठावरची लव दिसते. तिचे यजमान बशीरभाई मेहकरला घड्याळं दुरुस्त करायचे. ते वारले, दुकान गेलं, त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग तेवढं हिच्याकडे राहिलं. ते भिंग ती केसांच्या चापाने मोबाइलला अडकवते, श्वास रोखते आणि फोटो काढते. जेवणाच्या सुटीत रोज एक फूल, की लगेच स्टेटसला. आमच्या हिवरा आश्रम गावातले निम्मे लोक तिचीच फुलं ‘शुभ सकाळ’ लिहून एकमेकांना पाठवतात. तिच्या अख्ख्या दिवसात तेवढाच एक आनंद होता, मग मी तरी कशाला आडवी येऊ?

आजचा फोटोही देखणाच होता. पण नको ते त्यात दिसत होतं.

आमची मिरची खायची नाही, बियाण्याची. कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडायची, आतले निळसर पुंकेसर सगळेच्या सगळे काढायचे, दुसऱ्या वाणाच्या फुलातली पूड लावायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. एखादा पुंकेसर जरी आत राहिला तरी फूल आपलं आपणच फळतं आणि ते बी भेसळीचं निघतं. म्हणून प्रत्येक बाईची ओळ ठरलेली असते. फोटोत देठाला लाल दोरा होता आणि पाकळ्यांच्या आत दोन निळे पुंकेसर मजेत उभे होते. जाता-येता एरवी कोणाला दिसलेही नसते. भिंगाने ते मोठे करून जगाला दाखवले.

“ओळ सांगा,” दीपक म्हणाला. “तेवढ्या ओळीची फळं तोडून फेकू, बाकीचा प्लॉट वाचंल. नाई सांगितली तं मले सगळा प्लॉट नापास लिहा लागते, छायाताई. माझ्या हातात काई नाई. आन ज्या बाईची ओळ असंल, तिले उद्यापासून चिमटा द्याचा नाई.”

वर्षाची मेहनत होती ती. मी भाभीवरच घसरले. “भाभी, काऊन गप्प बसल्या? स्टेटसले टाकाची लय हौस होती न? आता सांगा!”

भाभीची नजर हळूच पाण्याच्या टाकीकडे गेली. तिथे सावलीत कौशल्यामावशी दोऱ्याचे तुकडे करत बसली होती. भाभीने नजर पटकन वळवली, पण मला काय ते समजलं.

आमच्या गावात हे काम सगळ्यात आधी आलं ते कौशल्यामावशीला. बाकी सगळ्या तिच्या हाताखाली शिकल्या. बशीरभाई गेल्यावर भाभीला हाताला धरून घराबाहेर काढलं ते तिनेच. “रडून काय होते वं, कळ्या तं फोडू लाग,” म्हणाली होती. यंदा मात्र मावशी फारच वाकून काम करायची, नाक झाडाला लागेपर्यंत. दिसत सगळ्यांना होतं, पण तिला बोलणार कोण? घरी सून धड दोन शब्द बोलत नाही. मावशीला मान होता तो इथेच, या जाळीखाली.

“माझीच ओळ हाये, साहेब,” भाभी म्हणाली. “माझ्याच हातून राह्यलं.”

धडधडीत खोटं! हिची चांगली ओळ तोडली, तर भेसळ तशीच राहणार आणि पुढे माझं सगळं बी नापास होणार. मला भाभीचा असा राग आला म्हणता! आणि त्याच वेळी रडूही आलं. मी बोलायला तोंड उघडलं, तोच टाकीकडून आवाज आला.

“काऊन वं गौसिया, खोटं बोलून राह्यली?” मावशी गुडघ्यावर हात टेकवत उठली. “तुह्या ओळीत आजलोक एक तरी राह्यलं काय? मीच शिकवलं न तुले?”

“मावशी, तुमी बसा न. तुमाले काय कराचं?”

“आन इकडं तो मोबाइल. माझ्या हातचं काम मी वळखते.”

भाभीचा हात पुढे होईना. शेवटी दीपकनेच आपला मोबाइल दिला. फूल दोन बोटांनी एवढं मोठं केलं की सगळा पडदा भरून गेला. मावशीने तो दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांजवळ नेला, लांब केला, उजेडाकडे पाठ करून पुन्हा पाहिला.

“बाई वं!” ती म्हणाली. “किती सुरेख काढलं वं पोरी. पांढरंशुभ्र!” मग जरा थांबून म्हणाली, “कुठी राह्यलं म्हनता?”

“मधात पाहा मावशी,” दीपकचा आवाज एकदम खाली आला होता. “निळं हाये.”

मावशी शोधत राहिली. मोबाइलचा उजेड मंदावला, भाभीने टिचकी मारून तो पुन्हा आणला. बऱ्याच वेळाने मावशीने एका कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे नुसतं पान होतं.

“हे न?”

भाभी म्हणाली, “हाव मावशी. तेच.”

दीपक जाळीबाहेर बघायला लागला. त्यावरूनच मावशीला कळलं असावं, की आपलं बोट चुकलं, आपल्याला ते दिसतच नाही.

“मंग माझीच हाये ते ओळ,” ती म्हणाली. मोबाइल पदराने पुसून तिने दीपकला परत दिला. कोणी काही सांगायच्या आत ती आपल्या ओळीत शिरली, पहिल्या झाडाशी वाकली आणि बोटांनी दोरे चाचपून आपलीच फळं तोडायला लागली. एक, मग दुसरं. चिमट्याला जे जमलं नव्हतं ते बोटांना जमत होतं, एकही दोरा मागे राहत नव्हता.

भाभी रडत रडत ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडून तोडायला लागली. तोडलेली फळं खाली पडत होती, म्हणून मी टोपलं आणायला गेले.