दोन दारांचं रिंगण

“अमेरिका कुठल्या दिशेला गं?” दुकानाचा जाड पडदा बाजूला सारत च्याओ मावशीने विचारलं.

“मी मीठ-मिरची विकते, मावशी, नकाशे नाही. आणि आधी तो पडदा सोड, सगळी थंडी आत येतेय.”

तिने पडदा सोडला आणि स्टूल ओढून शेगडीपाशी ठाण मांडलं. उत्तर मिळाल्याशिवाय ती हलायची नाही, हे मला ठाऊक होतं. उत्तर चीनमधल्या दातोंगच्या आमच्या खाण-वसाहतीत तिची ख्यातीच तशी. सगळी नोकरी तिने खाणीच्या दिवा-खोलीत काढली. सकाळी प्रत्येक कामगाराच्या हातात दिवा द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. एखादा खुंटीवर परत आला नाही, तर कुणीतरी अजून खालीच आहे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कोण घरी पोचलं आणि कोण नाही, ही काळजी काही तिला सुटली नव्हती.

भाजीवाला पेई म्हातारा कोबी निवडत होता. “पश्चिमेला. सगळे गोरे पश्चिमेचेच.”

माझ्या मुलीने फोनमध्ये डोकं घातलं. “पूर्वेला आहे, आजी. समुद्रापलीकडे.”

“एक म्हणतो पश्चिम, एक म्हणते पूर्व,” मावशी वैतागली. “मग ती बिचारी बाई येणार कुठून?”

ती बिचारी बाई म्हणजे वन मास्तरांची आई.

दहाव्या महिन्याच्या प्रतिपदेला आम्ही आमच्या गेलेल्या माणसांना थंडीचे कपडे पाठवतो. कपडे कागदाचे. चौकात खडूने रिंगण काढायचं, आपलं माणूस ज्या बाजूला असेल त्या बाजूला थोडी जागा मोकळी सोडायची, ते त्याचं दार, आणि आत कपडे जाळायचे. दार चुकलं की कपडे भलत्याच्याच अंगावर. मावशीचा नवरा छातीच्या दुखण्याने गेला, त्याचं थडगं पश्चिमेला, खाणीमागच्या टेकडीवर. त्यामुळे तिचं दार कधी चुकलं नाही. या वर्षी मात्र तिला अमेरिकेतही एक कोट पाठवायचा होता.

“मग दोन दारं ठेवते,” शेवटी तीच म्हणाली. “एक इकडे, एक तिकडे. येऊ दे जिकडून यायचं तिकडून.”

वन मास्तर तिच्या समोरच्या घरात राहायचे. खरं नाव वेंडेल प्रुइट, पण ते उच्चारताना आमच्या जिभेला गाठ बसायची, म्हणून नुसतं ‘वन’. सहा वर्षांपूर्वी ते अमेरिकेहून इथल्या परिचारिकांच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. पन्नाशीचे, एकटे, सरळमार्गी. पहिल्याच हिवाळ्यात मावशीने त्यांना जेवायला बोलावलं आणि आमचा चिकट पिवळा केक वाढला. तो चावायचा नसतो, नुसता गिळायचा. मास्तर बसले चावत. पेई म्हाताऱ्याला हसून हसून ठसका लागला, मावशी ओरडत होती, “गिळ रे बाबा, गिळ! उद्या सकाळपर्यंत चावत बसशील!” त्यांनी डोळ्यांत पाणी आणून गिळला, आणि आभार मानले.

आभार मानायची त्यांना खोडच होती. मीठ दिलं, आभार. सुट्टे परत दिले, आभार. मावशीने पेजेचं भांडं दारात ठेवलं की उभं राहून आभार. ती चिडायची. “इतके आभार कशाला मानतोस? मी काय परकी आहे?” त्यावर ते तिची क्षमा मागायचे. भर थंडीत उघड्या डोक्याने निघाले की ती खिडकीतून ओरडायची, “कान गळून पडतील! तुझी आई बघेल तर मला काय म्हणेल?” सगळ्या चौकाला ऐकू जायचं. मास्तर हात हलवायचे आणि तसेच पुढे जायचे.

ती आई आठव्या महिन्यात गेली. जिन्यात मावशी भेटली तेव्हा मास्तर म्हणाले, “माझी आई गुरुवारी वारली. आज कचऱ्याची गाडी येऊन गेली का?” आणि वेळेवर वर्गावर गेले.

मावशी जिन्यातच बसून रडली. वसाहतीतली माणसं भेटायला गेली, तर बाहीवर काळी पट्टी नाही की डोळ्यांत पाणी नाही. मास्तरांनी सगळ्यांना कॉफी दिली, “मी ठीक आहे,” म्हणाले, आणि आभार मानले. त्यांना गावी जाता आलं नव्हतं, राहण्याच्या परवान्याचे कागद कचेरीत अडकले होते. अस्थी बहिणीकडे कपाटावर आहेत, वसंतात सगळ्यांना सुट्टी मिळाली की कार्यक्रम करू, असं त्यांनी सांगितलं. मावशी सुन्न होऊन दुकानात आली.

“आई कपाटावर! आणि थंडी तोंडावर आलीय. तिला कपडे कोण देणार, ती बहीण? कोट तरी पाठवते का ती?”

“त्यांच्यात नसेल तसं.”

“थंडी तर असेल ना त्यांच्यात?”

मास्तरांच्या भिंतीवर आईचा फोटो होता. अंगाने भरलेली, हसरी बाई. त्या अंदाजाने मावशीने निळ्या फुलाफुलांच्या कागदाचा कोट बेतला, आत खरा कापूस घातला, बटणं रंगवली. तिच्या हाताला आता कंप होता, तरी शिवण सरळ होती. प्रतिपदेच्या दिवशी दुपारी मास्तर दुकानात अंडी घ्यायला आले आणि तिने चारचौघांत तो कोट त्यांच्यासमोर उभा धरला.

“हे बघ. बसेल ना तिला? आता नाव सांग. लिफाफ्यावर लिहायचंय, नाहीतर दुसरीच कोणीतरी घालून बसेल.”

मास्तर कोटाकडे बघत राहिले. कान लाल झाले. मग एकेक शब्द नीट लावून ते म्हणाले, “माझी आई मेली आहे. मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही. कृपा करून तिला यात ओढू नका. तुम्ही तिला ओळखतही नव्हतात.”

पेई म्हाताऱ्याने मान खाली घातली. आमच्यात एवढ्या मोठ्या बाईशी कोणी असं बोलत नाही, रागातसुद्धा नाही. मावशीने कोटाच्या बाह्या सावकाश आत दुमडल्या.

“बरोबर आहे तुमचं, मास्तर,” ती म्हणाली. “म्हातारीची चूक झाली.”

सहा वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणाली. ते गेल्यावर कोट माझ्या हातात देत म्हणाली, “ठेव तुझ्याकडे. माझ्या डोळ्यांसमोर नको.” संध्याकाळी तिने चौकात नवऱ्यापुरतं रिंगण काढलं. दार एकच ठेवलं.

मास्तर वाईट नव्हते, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. आठ दिवसांनी ते सफरचंदांची पिशवी घेऊन तिच्या दाराशी गेले आणि त्या दिवशी मी वाईट बोललो, असं सरळ म्हणाले. मावशी हसली. “कुठल्या दिवशी, मास्तर? मला तर काही आठवतही नाही.” मास्तर हलके होऊन दुकानात आले.

“त्यांच्या लक्षातसुद्धा नाही,” ते म्हणाले.

“मास्तर, कोणाचा दिवा कुठल्या खुंटीवर होता ते त्या बाईला अजून तोंडपाठ आहे. ती आठ दिवसांपूर्वीचं विसरेल?”

“पण त्या स्वतः म्हणाल्या.”

“म्हणणारच! तुम्ही पुन्हा जा. परत नाही म्हणेल, तरी बसा. चहा मागा. तिला ओरडू द्या तुमच्यावर.”

त्यांनी खरंच विचार केला. कपाळाला आठी घालून विचार करायची त्यांची पद्धत होती. “मी क्षमा मागितली, त्यांनी उत्तर दिलं. आता पुन्हा विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवणं. ते बरं दिसत नाही.”

माणूस जन्मभर समोरच्याचा शब्द खरा मानून चालला होता, आणि आमच्याकडे खरं ते शब्दाच्या मागे ठेवायची रीत.

त्या हिवाळ्यात पेजेचं भांडं जातच राहिलं, पण ते माझ्या मुलीच्या हातून. खिडकीतून ओरडणं बंद झालं. मास्तर उघड्या डोक्याने चौक ओलांडायचे, वर बघायचे, खिडकी बंद असायची. एकदा मला म्हणाले, “मावशी हल्ली ओरडत नाहीत. तब्येत बरी आहे ना त्यांची?” मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

वसंतात मावशीचा मुलगा तिला न्यायला आला. तो दूर दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका शहरात कारखान्यात होता. जायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी तिला माझ्यासमोरच विचारलं, “उद्या सकाळी निरोप द्यायला येऊ का?”

“नको नको, कशाला? तुझा वर्ग असतो,” मावशी म्हणाली.

‘तुझा’ म्हणाली. मी चमकून तिच्याकडे बघितलं. चेहरा उजळला होता तिचा. मास्तरांनी मान डोलावली, प्रवासाला शुभेच्छा दिल्या, आभार मानले.

सकाळी सगळी वसाहत फाटकाशी जमली. कोणी उकडलेली अंडी आणली, कोणी व्हिनेगरची बरणी, तिकडचं व्हिनेगर म्हणजे नुसतं पाणी म्हणून. मावशी टॅक्सीत बसली आणि काच खाली करून जिन्याच्या दाराकडे बघत राहिली. मुलगा म्हणाला, “आई, गाडी चुकेल.” ती म्हणाली, “थांब जरा, पट्टा लागत नाहीये.” पट्टा तर त्यानेच लावून दिला होता. पुन्हा जिन्याकडे बघितलं. मग काच वर केली.

दुपारी मास्तर टोमॅटो घ्यायला आले. “गेल्या?”

“गेल्या.”

“त्यांनीच नको म्हटलं होतं,” ते म्हणाले, पण आवाज विचारल्यासारखा होता. मी टोमॅटो तोलत राहिले. त्यांना उत्तर कळलं असावं, कारण ते बराच वेळ पिशवी हातात धरून तिथेच उभे राहिले.

सातव्या महिन्यात तिच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेली होती. मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते अंड्यांचे पैसे देत होते. “अच्छा,” ते म्हणाले. “मी ठीक आहे.” आणि अंडी तिथेच टाकून बाहेर पडले. आभार मानायचे राहिले.

पुन्हा दहावा महिना आला. चौकात आता उघड्यावर जाळलेलं चालत नाही, वसाहत समितीने लोखंडी पिंप ठेवलंय. दंडावर लाल पट्टी लावलेला, समितीचा होऊ नावाचा माणूस पिंपाशी उभा राहून लोकांवर ओरडत असतो. प्रतिपदेच्या दिवशी ऊन कलताना मास्तर दुकानात आले.

“च्याओ मावशींसाठी कपडे हवेत. कापूस घातलेले.”

या दिवसांपुरते मी कागदी कपडेही विकायला ठेवते, त्यातला चांगला एक जोड काढला. मग कपाट उघडलं आणि तळातला निळ्या फुलांचा कोटही काढून समोर ठेवला. मास्तरांनी त्याची घडी उलगडली. एकेक बटणावरून बोट फिरवलं. मग स्टुलावर खाली बसले, तिच्याच, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. पेई म्हाताऱ्याने उठून पडदा नीट ओढला, बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून.

“नाव लिहावं लागतं ना?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. मी लिफाफे दिले. एकावर त्यांनी आपल्या लिपीत लिहिलं. “लॉरेटा,” त्यांनी मला वाचून दाखवलं. दुसऱ्यावर मावशीचं नाव आमच्या अक्षरांत, पोराच्या कित्त्यासारखं गोल आणि मोठं.

मी दुकान मुलीवर सोडून त्यांच्याबरोबर चौकात गेले. मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि गुडघ्यांवर बसून पिंपाभोवती रिंगण काढायला लागले.

“हे काय? डब्यात टाका आणि चला,” होऊ खेकसला. “रिंगण-बिंगण काही नाही!”

“असू दे रे,” मी म्हटलं. “मास्तर आहेत. खडू दिसला की हात चालतो त्यांचा.”

होऊने एकदा मास्तरांच्या डोळ्यांकडे बघितलं, सिगरेट पेटवली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

“दार पश्चिमेला ठेवा,” मी सांगितलं. “नवऱ्याकडेच आली असेल ती. तिकडे दक्षिणेत तिचं कोण आहे?”

त्यांनी पश्चिमेला जागा सोडली. मग पूर्वेलाही सोडली, जरा जास्तच रुंद.

“एकाच रिंगणात दोघी?”

“दारं दोन आहेत,” ते म्हणाले.

निळा कोट चटकन पेटला, आतला कापूस मागाहून. “हाक मारावी लागते,” मी म्हटलं, “नाहीतर कळत नाही त्यांना.” पूर्वेकडे तोंड करून ते त्यांच्या भाषेत बराच वेळ हळू काहीतरी बोलले. त्यातलं मला काही कळलं नाही, आणि सगळं कळलं. मग ते इकडे वळले.

“मावशी, कपडे घ्यायला ये,” त्यांनी हाक मारली. तिला ते नेहमी ‘तुम्ही’च म्हणायचे. “माझी आईपण येतेय. लांबून येतेय, तिला इथलं काही ठाऊक नाही. जरा तिच्याकडे बघ. आणि मी टोपी घातलीय.”

खरंच घातली होती, कानांवरून खाली ओढून.

राख विझल्यावर मी त्यांना म्हटलं, “आता घरी जा. मागे वळून बघायचं नाही. आपण बघितलं की त्यांचा पाय निघत नाही.” मास्तरांनी ऐकून मान हलवली. फाटकापर्यंत गेले आणि वळून बघितलं. जिन्याच्या दाराशी पोचून पुन्हा बघितलं. सांगितलेलं तंतोतंत पाळणारा माणूस, पण एवढं त्यांनी पाळलं नाही.