तिसरा बर्फ

त्या वर्षी मलायरकडच्या डोंगरात अशी थंडी पडली की कोंबड्याची बांग धुराड्यापाशीच गोठायची आणि दुपारी ऊन लागलं की टपकन अंगणात पडायची. गावातले लोक तरी असंच सांगतात, आणि एवढ्या थंडीत खोटं बोलायला तोंड उघडतंय कोण! मुनव्वरला मात्र ना बांग ऐकू आली, ना थंडी लागली. द्राक्षांची काकवी उकळून, बरण्यांची तोंडं बांधून तिचा नवरा मश्दी सफरअली जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. तेव्हापासून ती शेगडीवरच्या बसक्या मेजावर गोधडी टाकून, तिच्यात पाय खुपसून बसली होती. रडली नव्हती. किडकी दाढ वर्षभर ठणकायची, तीही गप्प झाली होती.

वर छताची मधली तुळई वाकत चालली होती. पडला बर्फ त्याच दिवशी ओढून टाकला नाही, तर मातीचं छत घरात येतं, हे तिला ठाऊक होतं. येऊ दे, असंसुद्धा तिला वाटत नव्हतं. ती नुसती तुळईकडे बघत बसे.

"ननेजान, काकवी काढ! बर्फ पडलाय!" शेजारची तूबा मुनव्वरआजीला हाक मारत दारातूनच ओरडली. मागे तिचा धाकटा भाऊ यदुल्ला, हातात स्वतःच्या डोक्याएवढा वाडगा.

"पहिला बर्फ खातात का, गाढवांनो? पहिला हवा धुतो, दुसरा धुराडी धुतो. तिसरा पडला की या."

"अगं, तिसराच आहे!"

"पहिला आहे."

"दुसऱ्याच्या वेळी आमचे बाबा विचारायला आले होते, छत झाडून देऊ का म्हणून," तूबा म्हणाली. "तू म्हणालीस, कसलं छत?"

मुनव्वरला आठवेना.

"मश्दीबाबांनी एव्हाना वाढलं असतं," यदुल्ला पुटपुटला.

"मश्दीबाबांनी तुझे कान उपटले असते. चला, पहिलाच आहे हे छतावरच दाखवते. खोटारडी कार्टी!"

लाकडी फावडं घेऊन ती शिडीनं वर चढली. मांडीएवढ्या बर्फात तिनं फावडं उभं खुपसलं, एक मोठा तुकडा उचलून बाजूला टाकला आणि वाकून खळग्यात पाहिलं. बर्फाचे थर होते. तळाला करडा, त्याच्यावर काजळीची बारीक रेघ. मग मळका, पुन्हा रेघ. सगळ्यात वर पांढरा शुभ्र. काजळी तिच्याच धुराड्याची होती. खाली शेगडीत गोवऱ्या घालत ती बसली होती, आणि डोक्यावर दोन बर्फ पडून जुने झाले होते.

पायाखाली तुळई कण्हली.

"ननेजान, घर बोललं!" खालून यदुल्ला.

"बोलू दे! तू भिंतीपासून लांब हो आधी! तूबा, आतले वाडगेही दे वर."

वरचा पांढरा तेवढा तिनं वाडग्यांत काढून दिला. मग उरलेला ओढायला लागली. पहिला, दुसरा, तिसरा, सगळा. घाम आला, तेव्हा तिला नवल वाटलं. अंगणातला ढीग एवढा उंच झाला की त्यावरून शेजाऱ्यांची बकरी छतावर गेली आणि बर्फ वितळेपर्यंत तिथंच राहिली, म्हणे. तुळईचा बाक काही गेला नाही, पण ती आणखी खालीही आली नाही.

काकवीच्या बरणीच्या तोंडाला सफरअलीनं मारलेली गाठ होती. मुनव्वरची बोटं गारठलेली, गाठ सुटेना. शेवटी तूबानं दातांनी सोडवली. काळीभोर काकवी बर्फावर ओघळली आणि जागोजागी आत शिरली. पोरं तुटून पडली.

"तूही घे ना," तूबा म्हणाली.

मुनव्वरनं चमचाभर तोंडात टाकला. गोड लागलं नाही. गारही लागलं नाही. आणि मग दाढेत अशी कळ गेली, थेट कानापर्यंत, की ती गाल धरून किंचाळली.

यदुल्ला खिदळला, मग घाबरला. "ननेजान, रडतेस?"

"दाढ, मेल्या, दाढ!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. वाडगा पुढे केला.

"वाढ अजून."

"अगं, दुखतंय ना?"

"वाढ म्हणते ना!"