कॅल्शियम निघून गेल्यावर

मी एक जुना विकर आहे. विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतली कामं झटपट उरकणारं प्रथिन. जुना म्हणजे किती, तर काही दिवसांचा. आमच्यात तेवढ्यात केस पिकतात. माझं नाव लांबलचक आहे. मित्रांनो, तुम्ही मला कॅम-काइनेज म्हणा.

मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हृदयात राहतो. तिची नणंद तिच्यासोबत राहते आणि तिला वहिनी म्हणते. शेजाऱ्यांनीही तेच उचललं, मग मी तरी वेगळं काय म्हणणार?

हृदयाचा ठोका पडायचा असला की पेशीची दारं उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. कॅल्मॉड्युलिन नावाचा मध्यस्थ त्याला उचलतो आणि मला मिठी मारतो. त्या मिठीने मी जागा होतो आणि शेजारपाजारच्या प्रथिनांना फॉस्फेटची टिकली लावत सुटतो. टिकली लागली की ती जोमाने कामाला लागतात. मग कॅल्शियम आपल्या कोठारात परत जातं, मी झोपतो. आलं, गेलं. आलं, गेलं.

पण आमची एक खोड आहे. आम्ही बाराजण कडं करून बसतो. कॅल्शियम घाईघाईने पुन्हा पुन्हा आलं, तर आम्ही एकमेकांनाच टिकल्या लावतो. मग कॅल्शियम निघून गेलं तरी आम्ही जागेच. पाहुणे कधीचे गेले आणि आम्ही आपले दार धरून उभे.

मेंदूत माझे चुलत भाऊ राहतात. त्यांनाही हीच खोड. दोन चेतापेशी जिथे भेटतात तिथे ते असेच जागत बसतात, मग तो जोड घट्ट होतो आणि माणसाच्या काहीतरी लक्षात राहतं. तिथे या खोडीतून आठवण होते. इथे, हृदयात, तिचा आजार होतो.

आमच्या कड्यात जुने नव्यांना सांगत आलेत: वहिनीचा नवरा कापड बेतायचा, ती शिवायची. मशीनच्या घरघरीत हाक ऐकू जायची नाही, म्हणून बेतून झालं की तो कात्रीची मूठ टेबलावर आपटायचा. टक टक. वहिनी पाय थांबवून मागे वळायची. वर्षानुवर्षं हेच. मग एका हिवाळ्यात तो गेला.

जगात टक टक करणाऱ्या गोष्टी काय कमी आहेत? खालचा सुतार. जिन्यावरच्या टाचा. खिडकीची कडी. प्रत्येक वेळी वहिनी वळायची. वरून भावांची खबर यायची, आले, आले! पाठोपाठ घाईचा हुकूम सुटायचा, कॅल्शियमचा लोंढा यायचा, आणि आम्ही जागेच राहायचो. जागेपणी लावलेल्या टिकल्यांनी कोठार गळायला लागलं. नको तेव्हा ठोका पडू लागला. छातीत फडफड व्हायची, आणि वहिनी डोळे मिटून हाताने ती जागा अशी धरायची, की मला वाटायचं

 

मी तोच विकर आहे. म्हणजे, त्याच्या जागी आलेला. तो वाक्य अर्धं टाकून गेला. आमच्यात असंच जातात. आल्या आल्या शेजाऱ्याने मला टिकली लावली: जागा राहा. कुणासाठी, ते विचारायची पद्धत नाही.

तर, डॉक्टरांनी वहिनीला गोळ्या दिल्या होत्या. पाकीट रिळांच्या मागे तसंच पडून होतं. एका दुपारी कोटाच्या बाहीला इस्त्री करताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नणंदेने एका हाताने इस्त्री धरली, दुसऱ्याने वहिनीला. खुर्चीवर बसवल्यावर नणंदेला ते पाकीट दिसलं. वहिनी म्हणाली, विसरते गं. नणंद म्हणाली, गावभरच्या बाह्यांची मापं पाठ असणारी बाई गोळी बरी विसरते.

वहिनीने पाकीट हातात उलटसुलट केलं. मग वहिनी म्हणाली, "फडफडलं की वाटतं, हे बोलावतायत. तेही थांबलं तर माझ्याकडे यांचं काय राहिलं?"

"आणि तूही गेलीस तर?" नणंद म्हणाली. "दादाची आठवण काढायला मी एकटी उरेन. मला तर तो माझ्या ताटातलं पळवणाराच तेवढा आठवतो."

वहिनी हसली, आणि हसता हसता रडली. नणंदेने पाणी आणलं. वहिनीने गोळी घेतली.

हळूहळू वरचे हुकूम अर्ध्या वाटेत विरू लागले. आमच्या टिकल्या पुसल्या गेल्या. खरं सांगू? मला करमेना. ती मिठी, तो लोंढा, कुणीतरी येणार म्हणून जागत ताटकळणं, सगळंच गेलं. त्याच्याबरोबर वहिनीच्या मनातला नवराही गेला असेल का?

एका सकाळी नणंदेने बरणीचं झाकण सैल करायला ती ओट्यावर आपटली. वहिनी वळली. अगदी पूर्वीसारखी. लोंढा आला नाही. ती रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिली आणि तिने नणंदेला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "पहिल्या कोटाला यांनी दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या होत्या. आणि मूठ काय ऐटीत आपटली होती!"

नणंदेला हे ठाऊक नव्हतं. पुढे काय झालं, ती विचारत राहिली, वहिनी सांगत राहिली. सबंध वेळ ठोके ओळीने पडत होते. मी झोपेतून ऐकत होतो.

मित्रांनो, छातीत काही चुकल्यासारखं वाटलं, तर ती कुणाची तरी खूण आहे म्हणून झाकून ठेवू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. ज्याला विसरायचं नाही त्याच्याबद्दल बोलत राहा. आम्हाला मात्र दोन ठोक्यांच्या मध्ये झोपू द्या. तुमची गोष्ट सांगून व्हायला अजून पुष्कळ ठोके लागणार आहेत.